चुन्याखालचे हत्ती

एका गावात एक चितारीण होती. लग्नघराच्या दाराशी दोन्ही बाजूंना हत्ती काढायची तिथे रीत होती आणि ते काम तिचेच असे. सासऱ्यांनी दिलेला एक कागदी खाका तिच्याकडे होता, हत्तीच्या रेषेवर सुईने भोके पाडलेला. तो भिंतीला लावायचा आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वरून हलकेच आपटायची. भिंतीवर ठिपके उठत. ठिपके जोडले की एक हत्ती, आणि कागद उलटा लावला की दुसरा.

"दोघांत तिळाएवढाही फरक नाही," असे लोक म्हणत, आणि चितारीण मनात सुखावे.

तिची धाकटी जाऊ मदतीला येई. तिला खाका नको असे. ती भिंतीकडे बघत जराशी थांबे आणि सरळ कुंचला टेकवी. तिचा एखादा हत्ती जेवून सुस्तावलेला वाटे, एखादा माहेरी निघालेला.

"अगं, पाय बघ याचा. हा चालेल कसा?" चितारीण म्हणे.

"लंगडत चालेल. वरातीला कुठे घाई असते, जाऊबाई?"

"लोक मला हसतील, तुला नाही."

आणि चितारीण त्यावर चुन्याचा हात फिरवी. ओल्या चुन्यातून हत्ती थोडा वेळ दिसत राही. चुना वाळेल तसतसा तो नाहीसा होई. तोवर जाऊ तिथेच उभी असे.

एकदा घरच्याच दाराशी मात्र ती थांबली नाही. कुंचला धुऊन तिने फळीवर ठेवला.

"तुम्हीच काढत जा. मी रंग कालवून देईन."

पुढे मरेपर्यंत तिने रंगच कालवले.

चितारीण म्हातारी झाली. हात थरथरू लागला, तरी खाक्याच्या आधाराने काम निभत होते. मग जावेच्या नातीचे लग्न ठरले. चितारणीने खाका घरच्या त्याच भिंतीला लावला, पुरचुंडी आपटली, आणि जीर्ण झालेल्या कागदाचे तुकडे तिच्या पायाशी पडले.

तिने तुकडे गोळा करून पदरात घेतले. "दुसरं कुणीतरी बघा गं. माझ्याच्यानं आता होणार नाही."

"तसाच काढा की, थोरल्या आजी," नवरी म्हणाली. "वाकडा झाला म्हणून मी काही लग्न मोडणार नाही."

चितारणीने कुंचला उचलला. रेषा थरथरत गेली. पाठीला पोक आले, एक कान भलताच मोठा झाला. सवयीने तिचा हात चुन्याच्या मडक्याकडे गेला आणि तिने पुन्हा एकदा वर पाहिले. भिंतीवर एक म्हातारा हत्ती होता. लांबून चालत आलेला, दमलेला, तरी लग्नाला आलेला. जन्मभर तिने इतके हत्ती काढले, पण त्यांतल्या एकानेही असे तिच्याकडे पाहिले नव्हते.

तिने हात मागे घेतला.

"आता त्या बाजूला आमच्या आजीसारखा काढा," नवरी म्हणाली. "ती कसा काढायची?"

चितारीण दुसऱ्या भिंतीसमोर उभी राहिली. तिला लंगडा पाय आठवला. बेढब सोंड आठवली. पण हत्ती काही केल्या डोळ्यांपुढे येईना.

"मी चुकाच बघत राहिले गं," ती म्हणाली. "हत्ती मी पाहिलाच नाही कधी."

ती बाजू तिने कोरीच ठेवली. वरात दाराशी आली तेव्हा कुणीतरी विचारलेच, "हे काय, एकच हत्ती?"

"दुसरा आहे तिथे," चितारीण म्हणाली. "माझ्या जावेचा. चुना ओला होता तेव्हा दिसत होता."

आणि ती त्या पांढऱ्या भिंतीकडे बघत तशीच उभी राहिली.

तात्पर्य: मनापासून काढलेली रेषा वाकडी असली तरी ती जिवंत असते. ती पुसण्याआधी एकदा डोळे भरून पाहावी, मग ती आपली असो वा दुसऱ्याची.