राखी छातीचा माशीमार

"सर, मी त्याला दाबलं नव्हतं हो... मग ते पाखरू गेलं कसं?"

मुक्ता ओगलेसरांना विचारत होती.

बोर्निओच्या जंगलातली ती सकाळ. जंगल पुस्तकाबाहेर कसं असतं ते दाखवायला सर दरवर्षी आपल्या कॉलेजातली पाच-सहा पोरं इथं घेऊन यायचे. यंदाच्यांत मुक्ता सगळ्यांत हुशार, आणि हे तिला स्वतःलाही चांगलंच ठाऊक. पान नुसतं दिसायचा अवकाश, झाडाचं नाव तिच्या तोंडात तयार.

बारीक जाळं लावायचं, अडकलेला पक्षी अलगद सोडवायचा, मापं घ्यायची, पायात ओळखीचं कडं घालायचं आणि लगेच सोडून द्यायचा, ही तिथली रीत. नाव ठरो न ठरो, पाखरू हातात ताटकळता कामा नये, असं सरांनी आल्या आल्या बजावलं होतं.

आज मुक्ताच्या हातात एक तपकिरी माशीमार आला. चिमणीहून लहान. त्याचे भाऊबंद सगळे एकाच रंगाचे, त्यामुळं वाद पेटला. बाकीचे एक नाव धरून बसले, मुक्ता दुसरं.

"सोड आता," सर म्हणाले.

"एकच मिनिट, सर. शेपटीखालची पिसं बघते..."

"मुक्ता, सोड."

"झालंच."

तिनं मूठ उघडली तेव्हा पाखराची मान एका बाजूला कलली. ते उडालं नाही.

बाकीची पोरं माना खाली घालून जाळं गुंडाळायला गेली. मुक्ता पाखरू हातात घेऊन ओंडक्यावर बसून राहिली. रडू येत होतं आणि रडायची लाजही वाटत होती. एवढुसा जीव, सकाळी पोटापाण्याला निघालेला, आपल्या हट्टापायी गेला, हे तिला आतून खात होतं. पण हट्ट असा सुटतो थोडाच.

"भीतीनं गेलं असेल का, सर?"

"असेल."

"म्हणजे मी तेव्हाच सोडलं असतं तर..."

सरांनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"पण सर..." ती अडखळली. "नाव माझंच बरोबर होतं. राखी छातीचाच आहे तो."

सर तिच्याजवळ बसले. त्यांनी पाखरू तिच्याकडून घेतलं, विस्कटलेली पिसं बोटानं सारखी केली आणि परत तिच्या ओंजळीत ठेवलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "राखी छातीचाच."

मुक्तानं मान वर केली नाही.

"नाव कळलं ना?"

"हो, सर..."

"मग मार हाक."