तेल्याचा बैल आणि घाटावरचे पुण्य

पूर्वी हेमावती नगरीत सुदर्भ नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व वेणुक तेल्याच्या घरी बैलाच्या जन्माला आले होते. बैल पांढराशुभ्र आणि देखणा, पण नशीब घाण्याचे. सकाळी डोळ्यांवर झापडे बांधायची, उखळाभोवती घाण्याची लाकडी लाट ओढत फिरायचे आणि दिवसभर चालून संध्याकाळी सकाळच्याच जागी उभे राहायचे, असा त्यांचा दिवस जाई. बोधिसत्त्वांनी त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही.

वेणुकाच्या बायकोचे नाव कदंबा. घाण्याच्या फळीवर बसून तीळ उखळात सारायचे काम तिचे होते. लग्नाला थोडी वर्षे झाली आणि देवीच्या साथीत तिचे दोन्ही डोळे गेले. जीव वाचला म्हणून घरच्यांनी आळीत गूळ वाटला आणि त्याच दिवशी तिला कोपऱ्यातल्या घोंगडीवर नेऊन बसवले. वेणुक वाईट माणूस नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचे सगळे वाईट माणसांनी केले असे समजणे फार सोयीचे असते. सासू तिला आपल्या हाताने घास भरवी. शेजारणी तिच्याशेजारीच बसून सासूला विचारीत, हिला भूक लागली असेल का, हिला झोप येते का. डोळ्यांबरोबर हिचे कान आणि जीभही गेली असा त्यांचा समज झाला असावा.

एका दुपारी घरात कोणी नसताना कदंबा भिंत चाचपत अंगणात आली. घाण्याचा वास येत होता, पण घाणा कोणत्या बाजूला ते तिला उमगेना. ती तिथेच रडू लागली. दावणीला उभ्या असलेल्या बोधिसत्त्वांनी ते पाहिले आणि ते मनात म्हणाले, "मीही रोज डोळे बांधून चालतो. मला काय हवे असते? अंगाला हात लावण्याआधी कोणी आवाज द्यावा, वेसण धरून ओढू नये आणि कालची वाट आज बदलू नये." ज्याचे जळते त्याला कळते, म्हणतात ते खोटे नाही.

त्यांनी हलकेच फुरफुर केली. कदंबा वळली. तिचा हात आपल्या खांद्यावर पडेपर्यंत ते हलले नाहीत. मग तिच्या जरासे पुढे राहून, दावे पुरेल तेवढे, तिच्या चालीने चालू लागले. दगड आला की थांबत, तिने पायाने तो चाचपला की पुढे निघत. ती रोज दुपारी येऊ लागली. असे करता करता एक दिवस ती एकटी फळीवर चढून बसली आणि नवऱ्याला म्हणाली, बैल जुंपा.

वेणुक घाबरला, पण तिने हट्ट सोडला नाही. हळूहळू तोही थोडे शिकला. तिळाची टोपली तो ठरल्या जागी ठेवू लागला, अंगणात शिरताना "मी आलोय" असे म्हणू लागला. घाण्याला तेल पूर्वीसारखे सुटू लागले. एकदा टोपली हलवली म्हणून कदंबा सासूवर खेकसली, सासूही तिच्यावर खेकसली आणि कदंबेला मनातून फार बरे वाटले. घोंगडीवर बसलेल्या बाईशी इतक्या दिवसांत कोणी भांडलेसुद्धा नव्हते.

पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? आंधळ्या बायकोला घाण्याला जुंपले, असे आळीत बोलले जाऊ लागले. ज्यांनी तिला कधी पाण्याचा तांब्या दिला नव्हता, ते उंटावरून शेळ्या हाकत वेणुकाला दया शिकवू लागले. शेवटी त्याने तिच्यापाशी विषय काढला.

"लोक नावं ठेवतात गं. तू आता बस. घरात तुला काय कमी आहे?"

"अहो, बसायला तेवढं कमी नाही," कदंबा म्हणाली. "बाकी सगळंच कमी आहे. ही फळी गेली तर मी या घरात कोण?"

पौर्णिमा होऊ दे, मग बघू, असे म्हणून वेणुकाने वेळ मारून नेली.

त्या नगरात अशी रीत होती की कार्तिकातल्या पौर्णिमेला जो आंधळ्या-पांगळ्याला नदीवर नेऊन आपल्या हाताने स्नान घालील, त्याचे वर्षाचे पाप धुतले जाई. त्यामुळे त्या एका दिवशी नगरात आंधळ्यांची टंचाई पडे. एरवी ज्यांना कोणी हाक मारीत नसे, त्यांच्या दाराशी पहाटेपासून ओढाताण चाले. कदंबेच्या दाराशी सोनाराची भद्रिका आणि धान्याच्या व्यापाऱ्याची यशोमती एकाच वेळी येऊन थडकल्या. दोघींना पुण्य हवे होते आणि आंधळी एकच होती. दोघींनी तिचा एकेक हात धरला.

"बाई, हात सोडा," कदंबा म्हणाली. "मला तुमचा खांदा धरू द्या, आणि पायरी आली की सांगा."

"तू कशाला जिवाला त्रास करून घेतेस? आम्ही आहोत ना," भद्रिका म्हणाली.

घाटाच्या पायऱ्या शेवाळलेल्या होत्या. त्या अर्ध्यावर आल्या तोच राजाची पालखी घाटावर आली. राजाला नमस्कार करायला दोन्ही हात लागतात. भद्रिकेला वाटले यशोमतीने धरले आहे, यशोमतीला वाटले भद्रिकेने धरले आहे. दोघींनी हात जोडले आणि कदंबा पायऱ्यांवरून गडगडत नदीत गेली.

घाटावर एकच गलका झाला. "इकडे ये, इकडे!" असे लोक चारी बाजूंनी ओरडू लागले. आंधळीला इकडे म्हणजे कुठे, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. पाण्यात मात्र कोणी उतरेना. दिव्यांसाठी तेलाचे बुधले घेऊन आलेली वेणुकाची गाडी काठावर उभी होती. बोधिसत्त्वांनी जुवाची दोरी तोडली, पाण्यात उडी घेतली आणि तिच्याजवळ जाऊन फुरफुर केली. तो आवाज कदंबेने ओळखला. तिने चाचपून खांदा धरला आणि दोघे काठाला लागले.

मग बोधिसत्त्व माणसाच्या वाणीने बोलले. "लोकहो, तिला ओढू नका. आधी तिच्याशी बोला. कुठे जायचे ते तिला ठरवू द्या, आणि ती मागेल तेवढाच आधार द्या. यापेक्षा जास्त मीही काही केलेले नाही."

बैल बोलला! सगळा घाट त्यांच्या पायांवर लोटला. कोणी खुरांची माती कपाळाला लावली, कोणी गळ्यात माळा घातल्या. राजाने त्यांना देवालयात ठेवण्याची आज्ञा केली. शिंगांना सोन्याचा पत्रा, रोज हिरवा चारा आणि गूळ. बैल बोलला हे प्रत्येकाने घरी जाऊन सांगितले. तो काय बोलला, हे एकालाही सांगता आले नाही.

कदंबा ओल्या लुगड्याने काठावर कुडकुडत उभी होती. वेणुकाने तिच्या अंगावर पासोडी घातली. त्याचे डोळे भरून आले होते. "म्हणूनच म्हणत होतो, घरी बस," तो म्हणाला. त्याने घाण्याला दुसरा बैल आणला आणि फळीवर गडी बसवला.

देवालयातला चारा तसाच टाकून बोधिसत्त्व दावे तोडून तेल्याच्या अंगणात येत. आवाज ऐकून कदंबा बाहेर येई, त्यांच्या खांद्यावर हात ठेवी आणि मोकळ्या अंगणात दोघे फिरत. थोड्याच वेळात ढोल वाजवत लोक येत आणि देवाला घेऊन जात. देवाला घाण्यापाशी ठेवले तर नगर काय म्हणेल, म्हणून वेणुकही त्यांच्यात मिसळे. शेवटी राजाने देवालयात दगडी गोठा बांधवला आणि बोधिसत्त्वांचे येणे बंद झाले. कदंबेने दुसरा पावसाळा गाठला नाही. तिला कशाची ददात नव्हती, असे तिच्या दहाव्याला सगळे म्हणाले. त्या दिवसापासून बोधिसत्त्वांनी चाऱ्याला तोंड लावले नाही. लोकांनी त्याला व्रत म्हटले आणि त्याचीही पूजा केली.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भिक्षूंच्या गुरूंनी, विहारात सांगितली. त्या सकाळी भिक्षूंनी उत्तरक नावाच्या अंध भिक्षूला दोन्ही दंडांना धरून पुढच्या रांगेत आणून बसवले होते. त्याला दाराजवळ वाऱ्याला बसायचे होते. कथा संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाची कदंबा म्हणजे हा उत्तरक. वेणुक म्हणजे याची मनापासून सेवा करणारा सोमदत्त. घाटावरच्या बाया आणि माझ्या पायांवर लोटलेले लोक म्हणजे तुम्ही सगळे, आणि बैल मी होतो." भिक्षूंनी माना खाली घातल्या.

"भिक्षूंनो, दुसऱ्याच्या चालीने चालणे याला मैत्री म्हणतात. ती तुम्ही शिका. दया काय, ती त्या घाटावरही पुष्कळ होती."