पोतनीस सरांचा बंद आवाज

"पोतनीस सरांचा आवाज बंद करून दाखव, आहे हिंमत?" शर्वाणीनं डिवचलं, आणि प्रज्योतनं पैज घेतली. अक्कल कुठं होती त्याला!

ऑनलाइन तासाला सर एकटेच बोलायचे. मध्ये कोणी तोंड उघडलं की खेकसायचे, "गप्प! मध्ये बोलायचं नाही!" शेवटी "समजलं ना?" विचारलं की सगळ्यांचे अंगठे वर. बटणांचं काही सरांना जमेना, म्हणून ते काम प्रज्योतकडे. त्या दिवशी त्यानं सुरुवातीलाच सरांना म्यूट केलं. सर हातवारे करत, पृथ्वीचा गोल फिरवत ग्रहण शिकवत राहिले. शेवटी त्यांचे ओठ थांबले, आणि सवयीनं सगळ्यांचे अंगठे वर!

तेवढ्यात मुख्याध्यापिका वर्ग बघायला स्क्रीनवर आल्या. सर त्यांच्याशी बोलू लागले. "सर, तुमचा आवाजच येत नाहीये!"

प्रज्योतनं घाबरून आवाज चालू केला. सर लालबुंद.

"कोणाचा चावटपणा? नाव सांगा, नाहीतर सगळ्यांना तोंडीत शून्य! आणि एकानंही मला सांगू नये?"

शर्वाणी रडवेली झाली. प्रज्योत बोलला, "सर, मध्ये बोलायचं नाही, तुमचाच नियम. आणि आवाज नसताना सगळ्यांना समजलं, तर आवाज असताना किती समजत असेल, बघा की!"

मुख्याध्यापिका खुदकन हसल्या. मग सर हळूच म्हणाले, "बरं, काय समजलं नाही?"

"सर, ग्रहण दर महिन्याला का नाही होत?" शर्वाणीनं भीतभीत विचारलं.

"वा! झकास प्रश्न!" सर खुलले. मग प्रश्नांची झुंबडच उडाली.

"पण म्यूट केलं कोणी?" तास संपताना सरांनी विचारलं.

"मीच, सर. शून्य एकट्या मला द्या."