जिवंत माणसांचा भात

पूर्वी कांचनपूर नगरात धर्मकेतू राजाचे राज्य चालू असताना बोधिसत्त्व व्यापाराचे तांडे नेणाऱ्या एका सार्थवाहाच्या कुळात जन्मला. त्याचे नाव सुयाम. नदीकाठच्या त्या प्रदेशात उपाशी माणसाला काही न विचारता जेवू घालणे हेच थोर पुण्य मानीत. सुयामाच्या अन्नछत्रातून कोणी विन्मुख जात नसे.

एका वर्षी दक्षिणेच्या किनाऱ्यावर वादळ झाले. मीठ पिकवणाऱ्यांची आगरे वाहून गेली. हे कळताच सुयाम आपला भागीदार रोहक याच्यासह तांदळाच्या गाड्या घेऊन तिथे गेला. त्याने वाळूवर पाने मांडली, भात वाढला आणि लोकांना हाक दिली.

लोक आले आणि जागीच थिजले. मुले पुढे धावली, तशी आयांनी त्यांना मागे ओढले. मांडवी नावाची एक म्हातारी पानांसमोर मटकन खाली बसली. तिने हंबरडा फोडला.

"माझा लेक अजून दर्यात आहे! तो मेला असं तुला कुणी सांगितलं?"

सुयाम म्हणाला, "आई, मी भुकेल्यांसाठी वाढलं."

"परत काही न घेता आम्ही फक्त मेलेल्याला वाढतो," ती म्हणाली.

रोहक संतापला. "चार दिवसांचे उपाशी, आणि मिजास बघा! गाड्या भरा, परत जाऊ."

इतकी वर्षे हजारोंना जेवू घातले, पण 'तुमच्यात कसे करतात' हे एकालाही विचारले नाही, हे ध्यानात येऊन सुयाम म्हातारीसमोर वाळूवर बसला.

"मग जित्यांना कसं वाढता, आई?"

"हंडा एक असतो. ज्याच्याकडे जे असेल ते तो घालतो, आणि आमच्यात बसून जेवतो."

सुयामाने नवा हंडा चढवला. कोणी ओले सरपण आणले, कोणी मूठभर सुकट. मांडवीकडे काहीच नव्हते. ती चुलीशी बसून फुंकर घालू लागली. एवढा मोठा सार्थवाह त्या हंड्यातले जेवतो आहे, हे पाहून रोहक गाडीपाशीच थबकला.

दुसऱ्या दिवशी सुयाम वाहून गेलेल्या आगरांचे बांध घालायला चिखलात उतरला. पुढे मीठ पिकले, तेव्हा लोकांनी त्यालाही सर्वांइतकाच वाटा दिला. त्याने तो मुकाट्याने घेतला. मांडवीचा लेक मात्र परतला नाही.

ही हकीकत सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्खूंनो, परप्रांतात लोकांनी आपला उपदेश ऐकला नाही म्हणून रागावून परतलेला हा भिक्खू उपतिक्ख, तोच तेव्हाचा रोहक. मांडवी म्हणजे उपासिका केसिनी. आणि सुयाम मीच होतो. देणे मला आधीही येत होते. प्रज्ञापारमितेचे, म्हणजे शहाणपणाच्या पूर्णत्वाचे, पहिले पाऊल मी त्या वाळूवर टाकले."