शिंपिणीचा रोजचा टाका

डोंगराच्या कुशीतल्या एका जंगलात एक शिंपीण राहत असे. मुलांनो, ही शिंपीण म्हणजे चिमणीहूनही लहान, शेपटी ताठ उभी ठेवणारी पक्षीण. मोठ्या पानाच्या दोन्ही कडा जवळ आणायच्या, चोचीने भोके पाडायची, शेवरीच्या कापसाचा धागा त्यांतून ओवायचा आणि पानाची पिशवी शिवून आत घरटे करायचे, ही तिची कारागिरी. ते घरटे पाहायला लांबलांबची पाखरे येत. मात्र शिंपीण वर्षातून एकदाच शिवायची. तेही त्याच भोकरीच्या झाडावर, त्याच फांदीवर, तळहाताएवढे रुंद पान निवडून. एरवी वर्षभर ती धाग्याला चोच लावत नसे. "अंगात कला असली, की रोज घासावं लागत नाही," असे ती ऐटीत सांगे.

शेजारच्या आंब्याच्या ढोलीत एक खार राहायची. तिची तऱ्हाच वेगळी! घरी परतताना ती रोज नवी वाट धरायची आणि वाटेत जे नवे दिसेल ते उचलून आणायची. कधी सालीचा तुकडा, कधी गवताचा तुरा. मग दिवस मावळायच्या आत त्याचे काहीतरी करून बघायची. बहुतेक वेळा ते फसायचे. एकदा तिने सापाच्या कातीचा पडदा करून ढोलीच्या तोंडाशी लावला आणि परत येताना त्यालाच पाहून किंचाळत पळाली. शिंपीण हसता हसता फांदीवरून पडायचीच राहिली.

"खारूताई, कशाला गं हे नसते उपद्व्याप?" तिने विचारले.

"मला गंमत वाटते," खार म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नव्या वाटेने गेली.

त्या वर्षी भोकरीवर सुरवंट पडले. बघता बघता सगळ्या पानांची चाळण झाली. इकडे शिंपिणीची अंडी घालायची वेळ जवळ आली होती. हातात होते फार तर दहा दिवस. तेवढ्यात घरटे झाले नाही, तर अंडी उघड्यावर पडणार. आणि उघड्यावरचे अंडे साप काही सोडत नाही. जवळ तेवढ्या रुंद पानाचे दुसरे झाड नव्हते. शेजारच्या आंब्याची पाने जून आणि कडक, ती वळेनात. होती ती फक्त करवंदीची जाळी, तिची पाने बोटाएवढी. त्यात घरटे बसणार कसे? बिचारीचे डोकेच चालेना.

समोरच्या फांदीवर कावळा बसला होता. न विचारता सल्ला देण्यात त्याचा हात धरणारे कोणी नव्हते. तो म्हणाला, "अगं, सुचणं का आपल्या हातात असतं? स्वस्थ बसून राहा. सुचायचं तेव्हा आपोआप सुचेल."

शिंपिणीला ते पटले. ती बसून राहिली. एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. सुचले काहीच नाही, भीती तेवढी वाढत गेली. पाचव्या दिवशी सकाळी तिला रडूच कोसळले.

ते ऐकून खार धावत आली. "खारूताई, संपली गं माझी कला," शिंपीण मुसमुसत म्हणाली. "माझ्या पिल्लांचं आता काय होणार?"

"कला कुठली संपते? पण आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? चार दिवस तू या बोडक्या झाडाकडे बघत बसलीस. नवं काही दिसलंच नाही, तर नवं सुचेल कसं? ऊठ! आज वेगळ्या वाटेने घरी ये. आणि अंधार पडायच्या आत काहीतरी शिव. वाईट शिवलंस तरी चालेल."

"वाईट?" शिंपिणीला तो शब्द मिरचीसारखा झोंबला. "मी आजवर कधी वाईट शिवलेलं नाही!"

"म्हणून तर अडलीस," खार म्हणाली.

शिंपिणीला राग आला, पण करते काय? ती उठली. त्या दिवशी ओढ्याच्या वाटेने परतली आणि करवंदीची दोन पाने एकमेकांना शिवली. पाने टर्रकन फाटली. कावळा खो खो हसला. शिंपिणीला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण फाटलेले पान निरखताना तिला दिसले, की कडेचा टाका निसटला होता आणि शिरेजवळचा तसाच होता. दुसऱ्या दिवशी नव्या वाटेवर तिला कोळ्याचे जाळे सापडले. त्याचा चिकट तंतू तिने कापसाच्या धाग्यात पिळला. या वेळी टाके टिकले. पिशवी मात्र एवढीशी झाली, की तिच्यात अंडे काय, करवंदही मावले नसते.

तिसऱ्या दिवशी ती जांभळीच्या मागून आली आणि एकदम थबकली. तांबड्या मुंग्या एकमेकींच्या कमरा धरून पाने जवळ ओढत होत्या. एक, दोन, पाच, दहा पाने जोडून त्यांनी केवढे मोठे घर केले होते! त्यांतले एकही पान मोठे नव्हते. ही जांभळ शिंपिणीच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होती. पण ती आजवर कधी या बाजूने आलीच नव्हती.

मग काय विचारता! ती भुर्रकन करवंदीच्या जाळीत शिरली. दोन दिवस तिची चोच थांबली नाही. पिळलेला धागा घेऊन, शिरेजवळ टाका घालून, तिने नऊ लहान पाने एकमेकांना शिवली. दहाव्या दिवशी सकाळी त्या घरट्यात तिने पहिले अंडे घातले आणि दुपारीच सोसाट्याचा वारा सुटला. घरटे गरगर फिरू लागले. शिंपीण अंड्यावर अंग टाकून, डोळे गच्च मिटून बसली. आता पान फाटल्याचा आवाज येणार, मग येणार, असे तिला वाटत राहिले. आवाज आलाच नाही. वारा पडल्यावर तिने भीतभीत डोळे उघडले. एक टाका जरासा सैल झाला होता, बस्स. तिच्या अंगाखाली अंडे ऊबदार होते. "हुश्श!" तिने एवढा मोठा सुस्कारा सोडला, की ढोलीतल्या खारीलाही तो ऐकू गेला.

दुसऱ्या दिवशी कावळ्याने पाहिले, तर शिंपीण अनोळखी वाटेने एक वाळके पान घेऊन येत होती. घरट्याशेजारी बसून ती ते शिवू लागली. पान मधोमध चिरले.

"घर तर झालं. आता हे वेडंवाकडं काय शिवतेस?" कावळ्याने विचारले.

"आजचा टाका घालतेय, कावळेदादा," शिंपीण हसत म्हणाली आणि तिने दुसरे पान घेतले.

तात्पर्य : जो रोज थोडे नवे पाहतो आणि चुकले तरी रोज थोडे करून बघतो, त्याला अडचणीच्या वेळी सुचण्याची वाट पाहत बसावे लागत नाही.