भांडणमाळावरचा दुसरा दगड

बोरदऱ्याच्या चर्चमागे जो उघडा माळ दिसतो, त्याला आम्ही भांडणमाळ म्हणतो. वर झाड नाही, सावली नाही. दोन काळे दगड आहेत, समोरासमोर. इकडचा दगड बसून बसून गुळगुळीत झालाय. तिकडचा अजून खरखरीत आहे, शेवाळ वाळून पांढरा पडलेला. त्याच्यावर कुणी बसत नाही.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, उपासनेआधी आमच्यातला प्रत्येक जण एकटा वर जातो, गुळगुळीत दगडावर बसतो आणि देवावर जो काय राग असेल तो मोठ्यानं बोलून येतो. खालचे ऐकत नाहीत. ऐकू आलं तरी विचारत नाहीत.

तुमच्यासारखी शहरातली मंडळी इथे देवाशी नातं घट्ट कसं करायचं ते शिकायला येतात. आमचे पंच तुम्हाला चहा पाजतात आणि सांगतात की फार पूर्वी एक बाई विश्वासातून घसरली होती, आणि पंचांनी मोठ्या मनानं तिला परत घेतलं. ती गोष्ट खोटी आहे. आमच्या बायका भाकरी थापताना सांगतात ती वेगळी आहे, आणि मी तीच सांगणार.

आमच्या लोकांनी बाप्तिस्मा घेतला त्याला तेव्हा फार काळ झाला नव्हता. आता तरी गाव आपल्याला माणसांत धरेल अशी आशा होती. त्या आशेपायी चर्चच्या पंचांनी एक नियम केला, असं सांगतात. ख्रिस्ती घरात मयत झाली तर हेल काढून रडायचं नाही. ते जुनं, अडाणी लोकांचं. उलट मयताच्या घरच्यांनी पुढच्या रविवारी चर्चमध्ये उभं राहून साक्ष द्यायची: ‘देवानं नेलं, मी समाधानी आहे.’ गाव काय म्हणेल याची भीती, आणि तिला नाव दिलं विश्वास. आमच्या वडीलधाऱ्यांची ही खोड तेव्हापासूनची.

नियम हरबाजी पंचांचा. त्यांचा तरुण मुलगा साप चावून गेला, तेव्हा त्यांनी स्वतः कोरड्या डोळ्यांनी हे वाक्य म्हटलं होतं. त्या साक्षीचं कौतुक पुढे कितीतरी वर्षं चाललं. कुणाच्या डोळ्यात पाणी दिसलं की, ‘हरबाजींकडं बघ जरा,’ एवढंच म्हणायचे.

मग गावात पटकीची साथ आली. चिमाबाई नावाची विधवा होती, तिला एकुलती एक लेक, रूथ. दुधाचे दात पडायचं वय. चिमाबाईनं गुडघे टेकून देवाकडे लेकीचा जीव मागितला. लेक गेली.

रविवारी तिला उभं केलं. ती म्हणाली, “मी समाधानी नाही.”

हरबाजी पंच म्हणाले, “बाई, एवढं वाक्य म्हण आणि बस खाली.”

“तुमच्यापुढं म्हणायला काय जातंय, पंच? पण ऐकणार तो. त्याला ठाऊक नाही होय, माझ्या पोटात काय पेटलंय ते? त्याच्या तोंडावर खोटं बोलू?”

पंचांनी बाहेर जाऊन विचार केला, आत येऊन निकाल दिला. वाक्य म्हणेपर्यंत चिमाबाईला प्रभुभोजन बंद.

हे किती क्रूर होतं ते समजून घ्या. ही बाई जन्मापासून गावाच्या पंगतीच्या बाहेर, उष्ट्याची वाट बघत बसलेली. प्रभुभोजनाच्या मेजावर पहिल्यांदा तिला इतरांच्या बरोबरीनं भाकर मिळाली होती. ती भाकर तिच्या हातून काढून घेतली, आणि काढून घेणारे तिचेच लोक, तिच्यासारखेच पंगतीबाहेर वाढलेले. पाच शब्दांचं खोटं बोलली असती तर त्याच दिवशी परत मिळाली असती. ती बोलली नाही.

ती गवत कापायला या माळावर यायची. एके दिवशी विळा बाजूला टाकला, इकडच्या दगडावर बसली आणि समोरच्या दगडाकडे बघून म्हणाली, “ये. बस इथं. तुझ्याशी बोलायचंय.” आणि भांडायला लागली. तू कुठं होतास. मी हाका मारत होते तेव्हा तुझे कान कुठं होते. तुझाही पोरगा मेला ना रे, मग तुला कळायला नको?

खाली चर्चमध्ये हे ऐकू जायचं. पंच देवाशी बोलताना ‘हे सर्वसमर्था, हे दयाघना’ अशी लांबलचक सुरुवात करायचे, आणि ही त्याला अरे-तुरे करत होती. ती रोज वर जाऊ लागली. पुढे पुढे भांडता भांडता ती मधेच गप्प बसायची, समोरचा बोलत असल्यासारखी. मग पुन्हा सुरू. “ते तुझं खरं,” म्हणायची, “पण माझं ऐक.”

शेवटी हरबाजी पंच तिला खाली आणायला माळ चढले. वय झालं होतं, दम लागला. समोरचा मोकळा दगड बघून त्यावर टेकले.

“उठा, पंच,” चिमाबाई म्हणाली. “ती जागा रिकामी नाही.”

आवाज न चढवता म्हणाली. पाहुणा आत हात धुवायला गेलाय आणि कुणी त्याच्या पाटावर बसलं, तर सांगतो ना आपण, तसं. पंच उठले. बोलायचं ठरवून आलेले सगळे शब्द घेऊन तसेच उभे राहिले. उन्हात. ती तिचं बोलत राहिली, ऐकत राहिली. बऱ्याच वेळानं तिनं अंग चोरून दगडावर जागा केली.

“बसायचं तर इकडं बसा. माझ्या बाजूला.”

ते बसले. समोरच्या दगडाकडे बघत राहिले. आणि म्हणे, हरबाजी पंचांनी हेल काढला. जो त्यांनीच बंद केला होता, तसाच, जुना, अडाणी, मुलाचं नाव घेऊन. खाली विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायकांच्या हातून दोर सुटले.

पुढच्या प्रभुभोजनाला चिमाबाई मेजाशी आली. हरबाजी पंचांनी भाकरीचं ताट तिच्यापुढे धरलं आणि काही विचारलं नाही. तिनं भाकर घेतली. समाधानी आहे असं ती तेव्हाही म्हणाली नाही, एवढंच म्हणाली, “आमचं बोलणं चालू आहे.” आता सांगा, कुणी कुणाला परत घेतलं?

नियम त्या दिवशी मोडला. पण ‘लोक काय म्हणतील’ म्हणून भिणारी माणसं काही संपत नाहीत. मागच्या वर्षी बाहेरून एक मोठे वक्ते आले. देवाशी जवळीक या विषयावर तासभर बोलले, मग माळावर येऊन फोटोसाठी नेमके त्या खरखरीत दगडावर बसले. आमचे पाळकसाहेब आणि पाचही पंच मागे हात बांधून उभे. सगळ्यांना ठाऊक होतं. एकाचंही तोंड उघडलं नाही.

खालून खुरपणीला चाललेल्या बायकांपैकी एकीनं मान वर करून बघितलं.

“ओ साहेब, उठा तिथनं. ती जागा रिकामी नाही.”

ते उठले. कपडे झटकत, हसत उठले, पण उठले.

आजही तो दगड तसाच आहे. तुम्ही आता एकेक करून वर जा. इथं शिकवलेली प्रार्थना इथंच ठेवा. गुळगुळीत दगडावर बसा, समोर बघा, आणि जे खरं असेल ते बोला. तो येऊन बसलेला आहे.