न निवडलेली जुडी

फार पूर्वी एका रानात औषधी पाल्याचा बाजार भरे. ढिगातून टवटवीत दिसतील त्या जुड्या माकड निवडी, त्यांतल्या गोड लागतील तेवढ्या पोपट ठेवी आणि शेवटची निवड जाणतं अस्वल करी.

एकदा एक हरिणी तापाने फणफणलेलं पाडस घेऊन आली. अस्वल कधी चुकत नाही, हा तिचा भरवसा होता. समोर आलेल्यांतली उत्तम जुडी अस्वलाने तिला दिली. तरी संध्याकाळी पाडस गेलं.

अस्वल सुन्न झालं. टाकून दिलेला पाला उपसताना त्याला तापावरच्या कडू काडेचिराइताची जुडी सापडली.

"अरे, हीच हवी होती! माझ्यापर्यंत का नाही आली?"

"मळकट दिसत होती, आजोबा," माकड पुटपुटलं.

हरिणीने ते ऐकलं. झोपलेल्याला चाटावं तसं ती थंड पाडसाला चाटत राहिली.